ब्लूबेरी पाई कापली की रस वाहतो, तळ गिच्च राहतो: दुखणं नेमकं कुठे आहे?

तक्रार नेहमीची आहे. वरची पारी सोनेरी, कडेची मुरड सुबक, घरभर लोण्याचा वास. आणि पहिला तुकडा उचलला की सारण ताटलीभर पसरतं. रिकाम्या जागेत जांभळा रस जमतो आणि खालची पारी ओल्या पुठ्ठ्यासारखी चिरडत नाही की तुटत नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पुढच्या वेळी कॉर्नफ्लोर वाढवा’. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. कॉर्नफ्लोर पुरेसं पडलेलं असतं, पण शिजलेलं नसतं. कच्च्या पिठात आणखी पीठ घातलं की पुढची पाई पातळ तर राहतेच, वर कच्चटही लागते. म्हणून माप बदलण्याआधी निदान करायचं.

पुढचं सगळं २३ सेंमी (९ इंची) व्यासाच्या, वर-खाली दोन्हीकडे पारी असलेल्या पाईबद्दल आहे. सारणाचं मूळ प्रमाण: ताजी ब्लूबेरी ९०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ४० ग्रॅम (५ सपाट टेबलस्पून), लिंबाचा रस १५ मिली, एका लिंबाची किसलेली साल, मीठ पाव चमचा, बटर १५ ग्रॅम. अमेरिकन पाककृतीत लिहिलेलं लिंबू म्हणजे मोठं पिवळं लेमन. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट असतं, त्याचा १० मिली रस पुरतो. दोन्ही पाऱ्यांसाठी मैदा ३२० ग्रॅम, थंड बटर २२५ ग्रॅम, साखर एक टेबलस्पून, मीठ एक चमचा (बटर खारं असेल तर घालू नये) आणि बर्फाचं पाणी ९० ते ११० मिली. पाककृतीत कॉर्नस्टार्च लिहिलं असेल तर ते आपलं पांढरं कॉर्नफ्लोरच. मक्याचं पिवळं पीठ इथे चालत नाही.

आधी रस बघा

ताटलीतला रस पुसण्याआधी चमच्यात घ्या, उजेडात धरा आणि चाखा.

रस गढूळ, दुधाळ जांभळा दिसला आणि जिभेवर पिठूळ लागला तर पीठ फुललेलंच नाही. भट्टीतला वेळ कमी पडला. कडेचं सारण धरलंय आणि मधलंच वाहतंय, तरी कारण हेच.

रस स्वच्छ, चकचकीत पण पातळ असेल तर पीठ शिजलंय. मग एक तर ते फळाच्या मानाने कमी पडलं किंवा पाई गरम असताना कापली. यातलं कुठलं, हे कळायला चमचाभर रस स्टीलच्या ताटलीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बोट फिरवल्यावर मध्ये रेघ राहिली तर माप बरोबर आहे, घाई नडली. रेघ लगेच भरून आली तर माप कमी आहे.

रात्री तुकडा छान उभा होता आणि सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं दिसलं, तर ते दुखणं वेगळं. त्याबद्दल पुढे.

मध्यभाग उकळला का?

ब्लूबेरीत सुमारे ८४ टक्के पाणी असतं. म्हणजे ९०० ग्रॅम फळात साडेसातशे ग्रॅमच्या आसपास पाणी, आणि ते धरून ठेवायची जबाबदारी ४० ग्रॅम पिठावर. कॉर्नफ्लोरचे कण साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे फुगू लागतात, पण पुरता दाटपणा ९५ अंशांच्या आसपास येतो. साखर पाणी ओढून धरते, त्यामुळे गोड सारणात कण फुगायला आणखी उष्णता लागते. कडेचं सारण लवकर उकळतं, मधल्याला बराच जास्त वेळ लागतो. पारी मात्र त्याच्या आधीच सोनेरी झालेली असते. पारीचा रंग बघून पाई बाहेर काढणं ही या तक्रारीतली सगळ्यात मोठी चूक.

खूण बुडबुड्यांची धरा, आणि तीही मधल्या चिरेतून येणाऱ्या बुडबुड्यांची. सुरुवातीला कडेने जे येतात ते बारीक, फेसाळ, पटापट फुटणारे असतात. तो नुसता रस उकळतोय. पीठ शिजलं की बुडबुडा मोठा, चकचकीत होतो, आळसावल्यासारखा वर येतो आणि फुटल्यावर त्याची खळी क्षणभर तशीच राहते. असे बुडबुडे बरोबर मध्यातून सलग पाच मिनिटं दिसले पाहिजेत. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९७ ते १०० अंश.

ताज्या फळाच्या पाईला एकूण ६० ते ७० मिनिटं लागतात: पहिली २० ते २५ मिनिटं २२० अंशांवर, पुढे १९० वर. पाककृतीत ४५ मिनिटं लिहिली असतील तर त्यावर विसंबू नका. कडा काळवंडायला लागली की तिच्यावर फॉइलची पट्टी, वरची पारी गडद झाली की सगळ्यावर सैल फॉइल. वेळ मात्र कापायचा नाही. वरच्या पारीला ४-५ सेंमी लांबीच्या पाच-सहा चिरा हव्यात, त्यातली एक मध्यावर. टूथपिकने टोचलेली भोकं शिजताना मिटतात, वाफ आत कोंडते आणि तेच पाणी सारणात परत जातं. पट्ट्यांची जाळी विणलीत तर आणखी उत्तम, कारण ब्लूबेरीच्या पाईला पाणी उडून जायला मोकळी जागा हवीच असते.

शंका असेल तर भट्टीही तपासा. घरगुती ओव्हनचा काटा आणि आतलं खरं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक पडणं नवलाचं नाही. आत लटकवायचा साधा थर्मामीटर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी अवजार.

निवणं हा पाककृतीचाच भाग आहे

पीठ शिजलं तरी खळ गरम असताना पातळच असते. निवताना तिची वीण जमते. जाळीवर, म्हणजे खालून हवा खेळेल अशी, किमान चार तास. ओट्याच्या दगडावर ठेवलेल्या भांड्याखाली घाम धरतो आणि तळ मऊ पडतो. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट उन्हाळ्यात खोलीचंच तापमान ३२-३३ असतं. तिथे तीन तास जाळीवर आणि मग एक तास फ्रीजमध्ये. वाफाळत्या पाईबरोबर आइस्क्रीम हवंच असेल तर पूर्ण निवलेली पाई कापायच्या आधी १५ मिनिटं १६० अंशांवर कोमट करा. एकदा धरलेलं सारण तेवढ्याने सुटत नाही.

कुठलं पीठ, किती

कॉर्नफ्लोर सहज मिळतं, पण आंबट रसात फार वेळ रटरटलं की त्याची पकड सैल होते. म्हणून लिंबू हात सैल सोडून पिळायचं नाही. मैदा दाटपणा देतो कॉर्नफ्लोरच्या निम्माच. ८० ग्रॅम घालावा लागतो आणि सारण गढूळ, चवीला बोथट होतं. आरारूट स्वच्छ दिसतं, पण लांबलेल्या उष्णतेत पातळ पडतं. तासभर भट्टीत राहणाऱ्या पाईला ते फारसं झेपत नाही.

माझ्या मते ब्लूबेरीला सगळ्यात शोभतं टॅपिओका, आणि ते प्रत्येक मराठी घरात डब्यात असतं. साबुदाणा हा टॅपिओकाच. अमेरिकेतल्या जुन्या पाककृतींत ‘इन्स्टंट टॅपिओका’ नावाचे जे बारीक दाणे सांगितलेले असतात, त्यांच्या जागी मिक्सरमधून अगदी बारीक दळून, चाळून घेतलेला साबुदाणा बिनदिक्कत वापरता येतो. ९०० ग्रॅम फळाला ३५ ग्रॅम. तो आंबटपणा कॉर्नफ्लोरपेक्षा जास्त सोसतो आणि सारण पारदर्शक राहतं, म्हणजे फळाचा खरा रंग दिसतो. अट एकच: फळ, साखर आणि हे पीठ एकत्र करून २० मिनिटं मुरू द्यायचं. नाहीतर जाळीच्या फटीतून उघडे पडलेले कण भिजतच नाहीत आणि दाताखाली कचकचतात. माप वाढवलंत तर सारण चिकट, ताणलं जाणारं होतं; ४० ग्रॅमच्या वर जाऊ नये.

पीठ कमी वापरायचं असेल तर एक आंबट हिरवं सफरचंद सोलून बारीक किसायचं, किस फडक्यात घट्ट पिळायचा आणि सारणात घालायचा. सफरचंदातलं पेक्टिन रस बांधायला मदत करतं, पीठ १० ग्रॅमने कमी करता येतं आणि खाताना सफरचंद ओळखूही येत नाही.

साखर १०० ग्रॅमच्या खाली आणलीत तर रसाला पाकाचा अंगचा दाटपणा मिळत नाही. गोड कमी हवं असेल तर तेवढं लक्षात ठेवून थोडं सैल सारण पत्करा.

फळ कोणतं आहे?

अमेरिकेत दुकानात मिळणारी टपोरी ब्लूबेरी उंच झुडपाची, लागवडीची. न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातली निवडक झुडपं जमवून ही लागवड उभी केली आणि १९१६ मध्ये पहिलं पीक बाजारात आणलं. मेन राज्यातली बुटक्या झुडपांची रानटी ब्लूबेरी वेगळी: वाटाण्याहूनही लहान, चवीला तीव्र. त्या रानटी ब्लूबेरीची पाई २०११ पासून मेनचं अधिकृत राज्य-मिष्टान्न आहे. पाई करणाऱ्याला फरक पडतो तो असा की लहान फळात वजनाच्या मानाने साल जास्त, त्यामुळे सारणाला अंग येतं; ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोर पुरतं. टपोऱ्या फळाला ४० हवं, आणि पावसानंतर लगेच तोडलेल्या पाणचट फळाला ४५. न्यू जर्सीत एडिसनकडची मराठी मंडळी जून-जुलैत त्याच राज्यातल्या हॅमन्टनच्या बाजूला मळ्यात जाऊन बादल्या भरून फळ आणतात. त्या फळातली मूठभर आधी चाखा. नुसतंच गोड असेल तर लिंबू पूर्ण घाला, आंबूस असेल तर अर्धं.

धुतलेलं फळ फडक्यावर पसरून कोरडं करायचं. ओलं फळ तसंच तोललं तर वजनात पाणीही तोललं जातं.

भारतात बहुतेकदा गोठवलेली ब्लूबेरीच परवडते. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक फळाच्या पेशी फाडतात, त्यामुळे वितळलं की रस भसाभसा सुटतो. गोठलेलं फळ थेट पारीत भरलं तर थंड गोळा मध्ये बसतो, बटर कडक राहतं, मध्याला उकळी यायला ७५ ते ९० मिनिटं लागतात आणि तोवर कड करपते. याऐवजी फळ चाळणीत रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, खाली जमलेला रस कढईत निम्मा होईपर्यंत आटवा, निववा, आणि पीठ त्यात कालवून फळात परत घाला. रस फेकायचा नाही, चव त्यातच असते.

ओटीजीवाल्यांसाठी सरळ उपाय

२५-३० लिटरच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, पाई वरच्या कॉइलच्या फार जवळ येते. वरचं भाजून निघतं आणि मध्य थंडच. इथे भट्टीशी भांडत बसण्यापेक्षा सारण आधी गॅसवर बांधून घेणं शहाणपणाचं.

निम्मं फळ (४५० ग्रॅम), सगळी साखर आणि मीठ जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवा. पाच-सहा मिनिटांत फळं फुटून रस सुटेल. ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोर ६० मिली गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्यात ओता आणि ढवळत राहा. आधी रंग फिका, दुधाळ होईल. एक मिनिट चांगली उकळी आली की तोच रंग परत गडद आणि आरपार होईल, इथे थांबायचं. आच बंद करून उरलेलं कच्चं फळ, लिंबाचा रस, साल आणि बटर मिसळा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरू नका, नाहीतर बटर वितळून पारी भट्टीत जाण्याआधीच बसते. चव घेतलेला चमचा भांड्यात परत बुडवू नका: लाळेतला विकर पिठाची साखळी तोडतो आणि घट्ट सारण काही तासांत पातळ होतं.

असं सारण भरलेल्या पाईचा मध्य गाठायला सोपा, आणि अर्धं फळ कच्चं घातल्यामुळे खाताना अख्खे दाणेही मिळतात. भाजताना पहिली २५ मिनिटं फक्त खालची कॉइल, मग दोन्ही.

तळ गिच्च का राहतो

वरचं निस्तरलं तरी तळाचं वेगळं पाहावं लागतं. वाहता रस हे एक कारण, पण घट्ट सारणाखालीही पारी कच्ची राहू शकते. पारीला सारणाचा ओलावा झिरपण्याआधी भाजून पापुद्रा धरायचा असतो, आणि त्यासाठी खालून जोरात उष्णता हवी. रिकामा जाड ट्रे सगळ्यात खालच्या खणात ठेवून ओव्हन २२० वर निदान अर्धा तास तापवा आणि पाईचं भांडं थेट त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. उतू जाणारा रसही तोच ट्रे झेलतो.

भांडं साधं, गडद किंवा मॅट अॅल्युमिनियमचं सगळ्यात चांगलं. जाड चिनी मातीचं भांडं दिसायला देखणं, पण तापायला इतका वेळ घेतं की तळ हमखास मागे राहतो. काचेचं भांडं हळू तापतं, तरी खालून उचलून तळाचा रंग बघता येतो, हा त्याचा मोठा गुण. तळ पांढुरका दिसला तर आणखी दहा मिनिटं. फक्त फ्रीझरमधली काच तापलेल्या ट्रेवर कधीही ठेवू नका, तडकते.

पारी तीन मिलिमीटर जाड लाटा. पाच मिलिमीटरची शिजत नाही. लाटून भांड्यात बसवल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये. सारण भरताना झाऱ्याने फळ आधी घाला. सारणाच्या वाडग्यात खाली सुटा रस साचला असेल तर तो आटवूनच घाला. भरल्यावर लगेच भट्टीत, कारण ओट्यावर ताटकळलेल्या पाईची पारी रस पीत बसते.

मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शनच्या फिरत्या ताटलीवर खालून आच जवळजवळ नसते, तिथे वरच्या पारीचा नादच सोडा. खालची पारी काट्याने टोचून, बटर पेपर घालून, राजमा किंवा छोले भरून १९० वर २० मिनिटं, मग दाणे काढून आणखी १० मिनिटं कोरडी भाजा. गरम असतानाच फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्या, म्हणजे ओलावा अडतो. वर मैदा ९० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम आणि बटर ६० ग्रॅम चोळून केलेला भुगा भुरभुरवा.

रात्री घट्ट, सकाळी पाणी

शिजलेलं कॉर्नफ्लोर थंडीत हळूहळू आकसतं आणि धरलेलं पाणी सोडतं. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी थोडं, फ्रीझरमधून काढल्यावर भरपूर. पाई दोन दिवस आधी करायची असेल तर साबुदाण्याचं पीठ वापरा, त्याला हा त्रास बराच कमी. फ्रीझ करायचीच असेल तर कच्ची करा, भाजलेली नको.

आत्ता समोर असलेल्या पाईचं काय?

पाई कापलेली नाही, निवली आहे, आणि हलवली की मध्य डचमळतोय: वर फॉइल टाकून १९० वर परत घाला, मध्यातून तेच आळशी बुडबुडे येईपर्यंत. पूर्ण गार पाईला ३० ते ४० मिनिटं लागतील. पारी थोडी कडक होईल, पण पाई वाचते.

कापली असेल तर भांडं तिरकं करून सुटा रस पातेल्यात काढा. २०० मिली रसाला ८ ते १० ग्रॅम कॉर्नफ्लोर चमचाभर गार पाण्यात कालवून घाला, एक मिनिट उकळा, थोडं निवू द्या आणि कापलेल्या जागेतून परत ओता. दोन तास फ्रीजमध्ये. तळ तोवर भिजलेलाच असतो, त्याला इलाज नाही. ती पाई वाटीत, चमच्याने खायची.

कॉबलरचंही तेच, उलट्या बाजूने

कॉबलर म्हणजे फळावर मऊ पिठाचे गोळे ठेवून भाजलेला प्रकार. त्याला तळाची पारी नसते, त्यामुळे रस थोडा मोकळा असला तरी कोणी नाव ठेवत नाही. ९०० ग्रॅम फळाला २० ते २५ ग्रॅम कॉर्नफ्लोर भरपूर झालं. तिथली तक्रार म्हणजे वरचे पिठाचे गोळे बाहेरून खरपूस आणि खालून कच्चा लगदा. गार फळावर गोळे ठेवले की खालची बाजू वाफेत भिजत राहते आणि भाजत नाही. फळ आधी एकटंच १९० वर २५ मिनिटं, कडेने उकळेपर्यंत भाजा, मग त्या उकळत्या फळावर गोळे सोडा, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून. आणखी २० ते २५ मिनिटं. गोळ्याच्या पिठात बेकिंग सोडा प्रमाणाबाहेर पडला तर रस लागलेला भाग हिरवट-निळा दिसतो. फळ बिघडलेलं नसतं, ब्लूबेरीचा रंग आम्लात लालसर आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो एवढंच. सोडा ताकाच्या आंबटपणाला पुरेल इतकाच, म्हणजे १२० मिली ताकाला पाव चमचा. काढण्याआधी मधला एक गोळा चमच्याने उचलून खालची बाजू बघा. चमकदार आणि चिकट असेल तर फॉइल टाकून अजून आठ-दहा मिनिटं ठेवा.